सरांच्या टाकीतल्या गोगलगायी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे सर म्हणतात, म्हणजे त्यांनी सगळ्यांना तसं म्हणायला लावलं आहे. शाळा-कॉलेजशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. दोन गाड्या, दोन्हींच्या टपावर पिवळी पाटी, आणि शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे सरांचा स्वतःचा ब्रेक. शिकणाऱ्याच्या हातून चूक व्हायच्या आत सर तो दाबतात आणि मग भर रस्त्यात, मागचे हॉर्न वाजवत असताना, चूक काय झाली असती ते समजावून सांगतात.

स्कूलचा फोन ताई घेते. कोणी कधी यायचं, कुणाची परीक्षा जवळ आली, कोण रडत घरी गेलंय आणि त्याला परत कसं आणायचं, हे सगळं ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून बघते. फोन करणाऱ्यांना वाटतं, स्कूलला एक ऑफिस आहे आणि ऑफिसात एक बाई आहे. सरांनाही बहुधा तसंच वाटतं.

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. लॅब ताईच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणून त्यांच्या मागच्या खोलीत भाडं देऊन राहते. सर आल्यागेल्याला सांगतात, ‘मेहुणीला आसरा दिलाय.’ मी त्यांना सर म्हणत नाही, भावजी म्हणते. त्यांच्या कपाळाला आठी पडते. ती पडावी म्हणूनच म्हणते.

तर या सरांनी टाकी आणली. लायसन्सची परीक्षा घेणारे जे साहेब आहेत, ज्यांच्या एका सहीवर सरांच्या विद्यार्थ्यांचं नशीब ठरतं, त्यांच्या बैठकीत माशांची टाकी होती. सर ती बघून आले आणि आठवडाभर जेवताना त्या टाकीत काय काय चुकलंय ते सांगत राहिले. प्रकाश चुकीचा, झाडं प्लास्टिकची, मासे गिचमीड. त्यानंतर आमच्या बैठकीत साहेबांच्या टाकीपेक्षा हातभर लांब टाकी आली. सोफा सरकवावा लागला, ताईचं शिलाई मशीन माझ्या खोलीत आलं, आणि टाकीच्या खाली सरांनी ‘कृपया काचेला हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली. घरात आम्ही तिघंच राहतो.

टाकी, मासे, झाडं, सगळं एका बाईंच्या दुकानातून आलं. आम्ही घरात त्यांना मत्स्यबाई म्हणायचो. जाड काचांचा चष्मा, कोपरापर्यंत ओले हात, बोलणं मोजकं. झाडं बांधून देताना त्या म्हणाल्या, “लगेच टाकीत लावू नका. थोडे दिवस बादलीत वेगळी ठेवा, पानं उलटून बघा. झाडांबरोबर काय काय येतं.”

“मला शिकवायची गरज नाही,” सर म्हणाले. “मी स्वतः शिकवतो.”

“काय शिकवता?”

“ड्रायव्हिंग.”

मत्स्यबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पिशवीला गाठ मारली. झाडं त्याच दिवशी टाकीत लागली.

काही आठवड्यांनी काचेवर ठिपके दिसायला लागले. आधी वाटलं, घाण आहे. मग ठिपके हलायला लागले. पानांच्या खालच्या बाजूला चिकट पारदर्शक थेंब होते, आणि त्या थेंबांत अंडी. बघता बघता गोगलगायी मसुराएवढ्या झाल्या, मग वाटाण्याएवढ्या. बऱ्याचशा तपकिरी, टोकदार शंखाच्या. काही मात्र चपट्या, दोरी गुंडाळून ठेवावी तशा शंखाच्या, आणि त्यातल्या एकदोन चक्क लाल.

सरांना हा वैयक्तिक अपमान वाटला. कोणी न विचारता घरात शिरलं होतं, वर पोरं काढली होती. ते रोज संध्याकाळी बाही वर करून काचेवरच्या गोगलगायी अंगठ्याने चिरडायला लागले. शंख फुटल्याचा टक असा आवाज यायचा. मासे धावत येऊन चिंधड्या खायचे, आणि सर म्हणायचे, “बघ, निसर्गाचं चक्र.” मग हात न धुताच पंच्याला पुसायचे, आणि काचेवर राहिलेला चिकटा ताई पुसायची.

मला गोगलगायींचा पुळका होता असं नाही. मला त्या बघून मळमळायचं. शंखात भरलेला शेंबूड, दुसरं काय. म्हणून ताईने जेव्हा सर घरी यायच्या आधी काचेवरच्या गोगलगायी चमच्याने काढून एका मोठ्या बरणीत ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला सरळ विचारलं, “ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“तो टक आवाज ऐकवत नाही मला,” ती म्हणाली.

“मग त्यांना सांग, नका मारू म्हणून.”

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी तिला विमान चालवायला सांगितलंय. मला तिचीही चीड आली. इतकी वर्षं या माणसाच्या हातात टॉवेल देत आली, आणि दया कुणाची आली, तर गोगलगायींची.

बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली. ताईने तळाशी थोडी वाळू घातली, टाकीतल्याच झाडाची एक फांदी लावली. काकडीची उकडलेली चकती, पालकाचं पान, अंड्याचं कवच उकळून वाळवून कुटलेली पूड, असा त्यांचा खुराक ठरला. कवच कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, “शंख कशाचा होतो मग? हवेचा?” ती मत्स्यबाईंना फोन करून विचारत होती हे मला नंतर कळलं. स्कूलच्याच फोनवरून.

एका रविवारी मी लॅबमधलं भिंग घरी आणलं होतं, एका कवळीचं बारीक काम राहिलं होतं म्हणून. ताईने ते माझ्या हातातून घेतलं, बरणीच्या काचेला लावलं आणि मला ओढून पुढे केलं. एक चपटी लाल गोगलगाय काचेवरून चालली होती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं, आणि प्रत्येक वेळी काचेवरच्या शेवाळात एक इवलासा स्वच्छ ओरखडा उमटत होता.

“मत्स्यबाई म्हणतात, जिभेवर दात असतात त्यांच्या. ओळीच्या ओळी. झिजले की मागून नवे पुढे सरकतात.”

मी आयुष्यभर लोकांच्या तोंडातल्या एकेका दातासाठी मेण कोरत बसलेली बाई. मी ते भिंग बराच वेळ खाली ठेवलं नाही. दात दिसत नव्हते, ते फारच बारीक असतात. पण चावण्याची ती पद्धत मला कळत होती. त्या दिवसापासून मला मळमळायचं थांबलं. टाकीतल्या माशांना मात्र मी कधी महत्त्व दिलं नाही. ते सरांसारखेच वाटायचे. दिवसभर काचेपाशी येऊन तोंडाची उघडझाप.

सरांचं युद्ध चालूच होतं. चिरडून संपेनात, म्हणून त्यांनी माशांचं खाणं कमी केलं. मग एक गोगलगायी खाणारा मासा मागवला. त्याने दोन दिवस गोगलगायी सोडून दुसऱ्या माशांच्या शेपट्या खाल्ल्या. शेवटी ते औषध मागायला मत्स्यबाईंकडे गेले. बाईंनी दिलं नाही. ते औषध तांब्याचं असतं, गोगलगायी मरतात हे खरं, पण सगळ्या एकदम मेल्या की खडीत कुजतात आणि पाणी नासून मासेही जातात, एवढं सांगितलं. तुम्ही खाणं जास्त घातलंत म्हणून त्या वाढल्यात, हेही सांगितलं. सरांना यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं.

“धंदा करणाऱ्या बाईने मला अक्कल शिकवायची,” घरी येऊन ते म्हणाले, आणि औषध दुसऱ्या दुकानातून आणलं.

त्या रविवारी साहेब, म्हणजे तेच परीक्षा घेणारे, पत्नीला घेऊन चहाला यायचे होते. त्यांना टाकी दाखवायची म्हणून तर हा सगळा घाट. आणि टाकीत एकही गोगलगाय दिसता कामा नये. सरांनी सकाळीच बाटली उघडली.

“अहो, बाईंनी नको म्हटलंय ना,” ताई म्हणाली. “निदान टोपणाने मोजून तरी घाला.”

“मला अंदाज आहे,” सर म्हणाले. बाटली वाकडी करून ते मनातल्या मनात काहीतरी म्हणत राहिले, बहुधा अंदाज. अर्धी बाटली रिकामी झाली.

पाणी स्वच्छ होतं. मासे फिरत होते. सरांनी अंघोळ केली, अत्तर लावलं, आणि मला बजावलं की चहाच्या वेळी कवळ्यांचा विषय काढायचा नाही.

साहेब आले. बोलायला लागले की वाक्याच्या मध्ये थांबून समोरच्याने पूर्ण करायची वाट बघणारा माणूस. त्यांच्या पत्नी एका बाजूला शांत बसल्या. नजर तेवढी सगळीकडे फिरत होती. त्यांना नेमकी टाकीलगतची जागा मिळाली. सर टाकीसमोर उभे राहिले आणि पाण्याचा समतोल या विषयावर सुरू झाले. निसर्गाचं चक्र आलं. प्रकाश आला. साहेबांच्या टाकीचं नाव न घेता प्लास्टिकच्या झाडांवर दया करून झाली.

मी बिस्किटांची बशी घेऊन उभी होते, म्हणून मला आधी दिसलं. सरांच्या पाठीमागे, टाकीच्या काचेवर, गोगलगायी वर चढत होत्या. एकदोन नव्हे. खडीतून, पानांतून, पंपाच्या नळीवरून, सगळ्या एकाच दिशेने. पाण्याबाहेर. झाकणाच्या फटीतून काही बाहेर आल्या होत्या आणि भिंतीवर ओल्या रेघा ओढत निघाल्या होत्या. त्यांना त्या पाण्यात राहवत नव्हतं. मी ताईकडे बघितलं. तिलाही दिसलं होतं. तिने चहाचा कप खाली ठेवला, आणि सरांना बोलू दिलं.

“समतोल,” सर म्हणत होते, “समतोल साधला की उपद्रवी जीव आपोआप...”

साहेबांच्या पत्नींनी खांद्याकडे मान वळवली. पदरावर एक तपकिरी गोगलगाय होती. त्यांनी ती दोन बोटांत अलगद धरली, तळहातावर ठेवली आणि सरांच्या पुढे हात केला.

“ही तुमची का?”

सर वळले. भिंतीकडे बघितलं, टाकीकडे बघितलं. मग मी त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव बघितला, जो गाडीत शिकणाऱ्याने भलतंच काही केल्यावर येतो. पाय जमिनीवर दाबला गेला. पण इथे ब्रेक नव्हता.

“हिने झाकण नीट लावलं नाही,” ते म्हणाले. “सकाळपासून सांगतोय. आणि खाणं किती घालते. म्हणूनच माजल्यात या.”

ताईने साहेबांच्या पत्नींच्या हातातली गोगलगाय घेतली, स्वयंपाकघरात नेऊन बरणीच्या शेजारच्या वाटीत ठेवली, परत आली आणि साहेबांना विचारलं, “आणखी थोडा चहा?”

मी तिच्या जागी असते तर किटली सरांच्या डोक्यात घातली असती. ती मात्र सगळ्यांचे कप भरत राहिली.

दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. वास जिन्यापर्यंत यायला लागला. मेलेल्या गोगलगायी खडीत कुजत होत्या, आणि मासे वर येऊन तोंडं उघडून हवा घेत होते. सरांना सकाळपासून एकामागून एक शिकवण्या होत्या. आम्ही दोघींनी बादल्या भरभरून पाणी बदललं. मी लॅबला उशिरा गेले. संध्याकाळी पुन्हा बदललं. तरी रोज चारदोन मासे उताणे दिसत. शेवटी एक मोठा करडा मासा राहिला. तो सर्वांत जुना होता, आणि सरांच्या बोटातून खायला यायचा. सर त्याला म्हातारा म्हणायचे.

म्हातारा गेला तेव्हा सर घरीच होते. त्यांनी त्याला जाळीने काढलं आणि जाळी हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांचा खालचा ओठ थरथरत होता. ते नाटक नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या माणसाची कणव आली, आणि मी म्हणाले, “भावजी, द्या इकडे. मी बघते.”

“पाणी एवढं बदलायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?” ते म्हणाले. “त्याला धक्का बसला. पाण्याच्या धक्क्यानेच गेला तो.”

कणव गेली. आली तेवढ्याच वेगाने गेली.

टाकी थोडे दिवस रिकामी राहिली. मग सरांनी पुन्हा भरली. नवे मासे, नवी झाडं, खडी मात्र तीच. “मी स्वच्छ धुतली आहे,” असं ते सांगत. ताईच्या हाताच्या बोटांची सालं निघाली होती ती ही खडी धुऊन. पण आता टाकीत गोगलगाय एकही नाही म्हटल्यावर काचेवर तपकिरी शेवाळाचा थर चढायला लागला. सर ब्लेडने खरवडायचे, तो परत यायचा. मासे धुक्यात फिरल्यासारखे दिसायचे.

इकडे खिडकीतल्या बरणीच्या तीन बरण्या झाल्या होत्या. ताईने लाल चपट्या वेगळ्या काढल्या होत्या. पाणी असं नितळ की बरणी रिकामी वाटावी. मत्स्यबाई एकदा मुद्दाम बघायला आल्या, कमरेवर हात ठेवून वाकून बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, “एवढा लाल रंग माझ्याकडे कधी टिकला नाही.” सर बैठकीत होते. त्यांनी ते ऐकलं.

मग जेवताना सुरू झालं. “तुझ्या त्या फार झाल्या असतील आता.”

“नाही झाल्या,” ताई म्हणाली.

“नाही कशा? मर्यादा असते. शेवटी बरणी ती. मोठ्या पाण्यात बऱ्या वाढतील.”

“कुठल्या मोठ्या पाण्यात?”

सर पाणी प्यायले. ज्यांना अंगठ्याने चिरडलं, त्यांच्याकडे कामाला या म्हणून जायचं होतं त्यांना, आणि तेही उपकार केल्यासारखं. “काच साफ करतील. त्यांनाही खाणं होईल.”

“त्या खडीत औषध मुरलंय. खडी टाकून द्या, टाकी नीट धुऊन घेऊ, मग बघू.”

“उगाच काहीतरी. एवढ्याशा औषधाने काय होतंय?”

ताईने ताटं उचलायला घेतली. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार, हे गणित सरांनी लग्नानंतर लगेच मांडलं होतं आणि पुन्हा कधी तपासलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही दोघी दोन दिवस तिच्याकडे राहायला गेलो. परत आलो तेव्हा दुपार होती. सर सोफ्यावर पेपर वाचत होते. ताई पिशवी खाली ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेली. आतून काहीच आवाज येईना, म्हणून मी गेले. खिडकीत तिन्ही बरण्या होत्या. लाल गोगलगायींच्या बरणीत फक्त झाडाची फांदी होती आणि अर्धवट खाल्लेली काकडी.

ती माझ्या शेजारून बैठकीत गेली. ब्लाउजची बाही भिजली तरी तिने ती वर केली नाही. कोपराच्या वरपर्यंत हात टाकीत घातला आणि खडीवरून एकेक उचलायला लागली. त्या सगळ्या खाली पडल्या होत्या, अंग आत ओढून. एकही काचेवर नव्हती.

“काल सोडल्या,” सर पेपर बाजूला न करता म्हणाले. “रुळायला वेळ लागतो.”

मी वाडगा आणला. ताई एकेक शंख नाकाशी धरून वास घ्यायची. मेलेली असेल तर वास येतो, जिवंत असेल तर येत नाही. दुसरी खूण नाही. मेलेली एका कागदावर, जिवंत वाडग्यात. कागदावरचा ढीग वाढत गेला. मीही वास घ्यायला लागले. अंगावर काटा आणणारं काम आहे ते, आणि मी ते केलं.

सरांनी अखेर पेपर खाली केला. “अगं, गोगलगायी आहेत त्या. बागेत रोज पायाखाली येतात. त्यांच्यासाठी एवढं तोंड पाडायचं?”

ताईने हातातल्या शंखाचा वास घेतला, तो वाडग्यात ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं. मी माझ्या बहिणीला ओळखते असं मला वाटत होतं. इतकी वर्षं मी समजत होते की ती घाबरते, किंवा सोसते, किंवा तिला कळतच नाही. तिचा तो चेहरा बघून मला समजलं की तिला माझ्याआधी कळलं होतं, कितीतरी आधी. माझ्या मनात सरांविषयी जो तिरस्कार होता, तो मी रोज उगाळून उगाळून ताजा ठेवायचे. तिचा मुरून घट्ट झालेला होता.

“माझं तोंड पडलेलं नाही,” ती म्हणाली. “मला तुमचा रागही आलेला नाही. राग येण्याइतकं तुमच्याकडून मी काही धरूनच चालत नाही. बरीच वर्षं झाली.”

ती हे पत्ता सांगावा इतक्या साध्या आवाजात म्हणाली. सरांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी भाषांतर करून सांगणार होते. मी शंखाचा वास घेतला.

वाडग्यात मूठभरच राहिल्या. त्यांना नव्या पाण्यात ठेवलं; त्यातल्याही काही रात्रीतून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर शिकवणीला गेल्यावर मत्स्यबाईंचा टेम्पो आला. बाई स्वतः आल्या होत्या, दोन दणकट माणसं घेऊन. मासे पिशव्यांत भरले, पाणी नळीने मोरीत सोडलं, टाकी चादरीत गुंडाळून जिन्यावरून उतरवली. मागोमाग खालचं लाकडी स्टँड. खडी ताईने पोत्यात भरून कचऱ्यात दिली. बाईंनी जाताना एवढंच विचारलं, “सर काही म्हणणार नाहीत ना?”

“म्हणतील की,” ताई म्हणाली. “बोलायला त्यांना आवडतंच.”

मी मुद्दाम लॅबमधून जेवायच्या सुट्टीत घरी आले. हा प्रसंग चुकवणं मला परवडणारं नव्हतं. सर आले, चपला काढल्या, आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. टाकी होती तिथला रंग बाकी भिंतीपेक्षा गडद होता, आणि त्यावर कडेला गोगलगायींनी ओढलेल्या त्या दिवशीच्या रेघा वाळून चमकत होत्या.

“टाकी कुठाय?”

“दिली.”

“कुणाला विचारून?”

“तुम्ही माझ्या बरणीत हात घातलात तेव्हा कुणाला विचारलं होतंत?”

मी घास हातात धरून वाट बघत होते. आता ते ओरडतील, बरण्या फोडतील, मला घराबाहेर काढतील. बॅग कुठे आहे तेही मी आठवून ठेवलं होतं. पण सर सोफ्यावर बसले. त्या गडद चौकोनाकडे बघत त्यांनी खरोखरच्या काळजीने विचारलं, “आता लोकांना काय सांगायचं?”

म्हणजे एवढंच. मासे नाहीत, गोगलगायी नाहीत, बायको काल तोंडावर जे बोलली तेही नाही. मी इतकी वर्षं ज्या माणसाचा द्वेष करण्यात वेळ घालवला, तो आतून या एका वाक्याएवढाच होता. मला फसवल्यासारखं वाटलं.

“ते तुम्हाला जमेल,” ताई म्हणाली, आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

आणि जमलं त्यांना. पहिले काही दिवस ते गप्प होते. मग एका विद्यार्थ्याच्या वडिलांना ते दारात उभे राहून सांगताना मी ऐकलं की मुक्या जिवांना काचेत कोंडणं त्यांना पटेनासं झालं, म्हणून टाकी काढून टाकली. पुढच्या खेपेला त्यात म्हाताऱ्याची गोष्ट आली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत त्यांना म्हणे एके दिवशी प्रश्न दिसला होता. महिनाभरात ते सगळं व्याख्यान झालं, मध्ये थांबण्याच्या जागांसकट. दोन शेजाऱ्यांनी त्यांचे पक्षी सोडून द्यावेत म्हणून सर त्यांच्या मागे लागले. एकाने खरंच सोडला. तो पक्षी कोपऱ्यावरच्या मांजराने नेला, आणि सर म्हणाले, निदान मोकळा होऊन गेला.

साहेब आणि त्यांच्या पत्नी पुन्हा चहाला आले, तेव्हा हे व्याख्यान त्यांनाही मिळालं. साहेब ऐकत होते, कारण त्यांना घरची टाकी आठवून अस्वस्थ व्हायला झालं होतं. त्यांच्या पत्नींनी कप ठेवला आणि ताईला विचारलं, “तुमच्या त्या गोगलगायींचं काय झालं?”

“आत आहेत. बघायच्यात?”

आम्ही तिघी स्वयंपाकघरात गेलो. खिडकीत चार बरण्या होत्या. लाल गोगलगायी पुन्हा वाढल्या होत्या. नवी पिल्लं काचेवर टाचणीच्या डोक्याएवढी. ताईने त्यांच्या हातात माझं भिंग दिलं. ते आता लॅबमध्ये परत जात नाही, मी दुसरं घेतलं. त्या काचेवर वाकल्या आणि तोंडाची उघडझाप बघत राहिल्या. ताई त्यांना सांगत होती: पाणी सगळं एकदम बदलायचं नाही, काकडी संध्याकाळी काढून टाकायची, कवच मात्र उकळूनच घालायचं, आणि यांच्यात नर-मादी असा भेद नसतो, प्रत्येक जण दोन्ही असतो.

“मग भांडण कशावरून होत असेल?” साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, आणि ताई हसली. मोठ्याने, मान मागे टाकून. मी तिला असं हसताना लहानपणीच ऐकलं होतं.

बैठकीतला आवाज थांबला. मग साहेबांनी सरांना विचारलेलं ऐकू आलं, की मासे कोंडणं वाईट, मग या गोगलगायी कशा काय चालतात.

“त्या तिच्या आहेत,” सर म्हणाले. “मी त्यात लक्ष घालत नाही.”

ताईने फडताळातून एक रिकामी बरणी काढली, झाकणाला सुईने भोकं पाडली, आणि साहेबांच्या पत्नींना विचारलं, “लाल देऊ की तपकिरी?”

“दोन्ही द्या,” त्या म्हणाल्या. “आणि ते कवचाचं पुन्हा एकदा सांगा.”